काट्याचे नव्वद सेकंद

तलावावर सगळे त्याला काटा म्हणत. सकाळी मुलांना आणि दुपारी बायकांना तो पोहायला शिकवायचा, आणि स्पर्धा असल्या की गळ्यात स्टॉपवॉच अडकवून काठावर उभा राहायचा. बारा वर्षांत त्याने सांगितलेल्या वेळेवर हरकती पुष्कळ आल्या. त्यातून कुणाच्या हाती काही लागलं नाही. क्लबच्या अध्यक्षांच्या मुलीचा विक्रम दोन दशांश सेकंदांनी हुकला तेव्हा अध्यक्ष स्वतः काठावर आले होते. त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "दोन दशांश म्हणजे काय हो मास्तर, बोट दाबायला लागणारा वेळ." काट्याने घड्याळ त्यांच्यासमोर धरलं. म्हणाला, "साहेब, मी वेळ वाटत नाही. बघतो आणि सांगतो."

त्याच्या बायकोला हा किस्सा फार आवडायचा. ती एका चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायचं काम करायची. समोरच्या पाटीवरची अक्षरं पाठ करून येणारी माणसं तिला रोज भेटत. "काका, पाटी बदललीय मी. आता वाचा," असं ती म्हणाली की काकांचा चेहरा पडायचा. घरी आल्यावर जो बघतो आणि सांगतो अशा माणसाशेजारी बसायला तिला बरं वाटे.

दिवस राहिले तेव्हा तिने पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं होतं, की बाळंतपणात वेदना मारणारी सुई घ्यायची नाही. कारण हट्टाचं नव्हतं. चार वर्षांपूर्वी गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी तिला पाठीत सुई दिली होती. नऊ तास पाय स्वतःचे वाटले नव्हते आणि मधेच श्वास अडकल्यासारखा झाला होता. डॉक्टर म्हणाले होते की धोक्याचं काही नव्हतं. ते नऊ तास तिने काढले होते, डॉक्टरांनी नव्हे.

गावात एक प्रसूतिगृह होतं, सुईणींनी चालवलेलं. तिथे सुई नव्हतीच. लागली तर गाडीने वीस मिनिटांवरच्या मोठ्या हॉस्पिटलात न्यायचे. छत्तिसाव्या आठवड्यापर्यंत नाव कुठे नोंदवायचं ते ठरवायचं होतं. दर शनिवारी तिथे वर्ग भरे. तो घेणाऱ्या सुईणबाई उंच, आवाजाने जाड आणि हाताने हलक्या होत्या. त्यांनी पहिल्याच वर्गात सांगितलं, "कळ लांबात लांब दीड मिनिट टिकते. मग सोडते. घरी बर्फाचा तुकडा मुठीत धरून श्वासाचा सराव करा. नवऱ्याने वेळ बघायची."

"आमच्याकडे त्याला तोड नाही," ती म्हणाली, आणि वर्ग हसला. काट्याला तिथेही दोघंतिघं ओळखत होते.

घरी येऊन तिने नियम केला. सलग तीन दिवस नव्वद सेकंद बर्फ धरता आला तर प्रसूतिगृह. नाही जमलं तर मुकाट्याने मोठं हॉस्पिटल. सासूबाईंसमोर केला, म्हणजे साक्षीदार असावा.

"आणि एकोणनव्वद झाले तर?" सासूबाईंनी विचारलं.

"तर हॉस्पिटल. तुमच्या मुलाला विचारा."

"त्याला काय विचारायचं? तो शाळेत असताना मी पाच मिनिटं उशिरा डबा नेला तर वहीत लिहून ठेवायचा."

रोज संध्याकाळी सात वाजता स्वयंपाकघरातल्या टेबलाशी ती डोळे मिटून बसे. काटा म्हणे, "सुरू." ती नाकाने श्वास घेई, तोंडाने सोडी, आणि श्वास मोजत राही. त्याने "बस" म्हटलं की मूठ उघडायची, एक मिनिट विश्रांती, मग पुन्हा. तीन खेपा. पहिल्या दिवशी त्याने साठ सांगितले. तिचा हात कोपरापर्यंत ठणकत होता, पण साठ ऐकून ती ठणका विसरली. मग पासष्ट झाले, सत्तर झाले, ऐंशी झाले. पाचव्या आठवड्यात नव्वद. तेव्हा तिचे नऊ श्वास होत होते, म्हणजे एक श्वास दहा सेकंदांचा. दुकानात तिने हे सगळ्यांना सांगितलं. चष्म्याच्या काचा घासणारा कारागीर म्हणाला, "ताई, मग तुम्ही तलावाच्या तळाशीच बाळंत व्हा."

सलग तीन दिवस नव्वद झाल्यावर तिने सुईणबाईंना फोन केला आणि नाव नोंदवलं. फॉर्मवर ‘सोबत कोण’ या रकान्यात काट्याने स्वतःचं नाव लिहिलं आणि सही केली.

शेवटच्या वर्गाच्या दिवशी तो म्हणाला, "आज जायलाच हवं का? पाय सुजलेत तुझे."

"शेवटचा आहे. आणि पाय काय, घरी बसूनही सुजणारच."

त्या दिवशी सुईणबाईंनी सगळ्या बायकांना एकत्र बसवलं, प्रत्येकीच्या हातात बर्फाचा तुकडा दिला आणि भिंतीवरच्या मोठ्या घड्याळाकडे बोट केलं. "आज वेळ मी बघणार. नवरे मंडळींनी नुसतं शेजारी बसायचं. करा सुरू."

तिने डोळे मिटले. एक, दोन, तीन. सहाव्या श्वासाला नेहमीसारखी हाडात कळ गेली. आठव्याला ती कळ सुन्न झाली. नऊ. आता "बस" येणार म्हणून तिची बोटं सैल पडायला लागली. कुणी काही बोललं नाही. तिने दहावा श्वास घेतला. तो अर्धाच सुटला आणि मूठ उघडली.

"अठ्ठावन्न," सुईणबाई म्हणाल्या. "छान. थोडी घाई केलीस."

बाकीच्यांची खेप चालूच होती. ती घड्याळाकडे बघत राहिली. सेकंदकाटा हलत होता आणि नव्वद अजून यायचे होते. ते यायला किती वेळ लागतो हे ती पहिल्यांदाच उघड्या डोळ्यांनी बघत होती. मग तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो वितळलेल्या बर्फाच्या वाडग्यात बघत होता.

दहा श्वास, अठ्ठावन्न सेकंद. म्हणजे एक श्वास सहाचा. नऊ श्वास चोपन्नच्या आत. हा हिशोब करायला तिला कागद लागला नाही.

 तिला घरी सोडून तो तलावावर गेला. त्याची जुनी वही टेबलाच्या खणात होती, रबर लावलेली. एरवी तिने ती कधी उघडली नव्हती, कारण तीत पोहणाऱ्यांच्या वेळांशिवाय काही नसायचं. तिने रबर काढलं. शेवटून चौथ्या पानावर वर ‘बर्फ’ लिहिलं होतं आणि खाली तारखा होत्या.

पहिल्या दिवसापुढे ३१.२. दुसऱ्या दिवशी ३३.०. मग ३४.६. पुढे चाळीस, त्रेचाळीस, अठ्ठेचाळीस. ज्या तीन दिवसांवर तिने नाव नोंदवलं त्यांच्यापुढे ५०.८, ५१.४ आणि ५१.१. साठ नव्हते, ऐंशी नव्हते, नव्वद तर कुठेच नव्हते. तोंडाने तो रोज खोटं बोलला होता आणि रोज त्याच टेबलावर, ती हात पुसत असताना, खरा आकडा लिहीत होता. दशांशासकट.

सासूबाई भाजी निवडत बसल्या होत्या. सुनेच्या हातातली वही बघून त्यांचे हात थांबले.

"सांगितलं का त्याने?"

ती वळली. "म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

सासूबाईंनी हातातली जुडी खाली ठेवली. मग म्हणाल्या, "अंड्यांमुळे कळलं. तुमची पहिली खेप सुरू झाली की मी उकळत्या पाण्यात अंडी सोडायची. तिसरी संपली की काढायची. तीन नव्वद आणि मधली दोन मिनिटं, म्हणजे साडेसहा मिनिटं होतात. मस्त अंडं व्हायला हवं. तर पिवळं नुसतं पाणी. मला वाटलं अंडी मोठी आहेत. दोन दिवसांनी घड्याळाकडे पाहिलं."

"आणि काय केलंत?"

"तुमचं झाल्यावर अजून दोन मिनिटं ठेवायला लागले."

"आई, मी अंड्यांबद्दल विचारत नाहीये."

"कळतंय गं मला. तू इतकी खूश होतीस. आणि तो त्याच्या जागी... मी मध्ये कशाला पडायचं?"

"साक्षीदार म्हणून बसवलं होतं मी तुम्हाला."

सासूबाईंनी भाजीचं ताट पुढे ओढलं आणि निवडलेली पानं पुन्हा निवडायला लागल्या.

सातच्या सरावाची वेळ टाळून काटा आठ वाजता आला. टेबलावर उघडी वही बघून तो चपला न काढताच उभा राहिला.

"बस," ती म्हणाली. तो बसला.

"पहिल्या दिवशी एकतीसला थांबवलंस. का?"

"तुझा हात पांढरा पडला होता. ओठ चावत होतीस. मला बघवलं नाही."

"मग एकतीस सांगायचंस."

"सांगणार होतो. तू डोळे उघडलेस आणि म्हणालीस, साठ तरी झाले ना? मी हो म्हटलं. एकदाच म्हणायचं होतं. दुसऱ्या दिवशी कमी कसं सांगणार? मग रोज थोडं वाढवावं लागलं. मला वाटलं हळूहळू खरा आकडा वर येईल आणि मी सांगतो तिथे पोचेल. येत होताच की वर! एकतीसवरून एक्कावन्न. बघ ना वहीत."

"वहीत बघतेच आहे. पाच आठवड्यांत मी वीस सेकंद वाढवले. माझे. खरे. ते तू मला सांगितलेच नाहीस. त्याऐवजी भलतेच आणून दिलेस."

"भलतेच नाही गं. तुझ्या हिमतीसाठी..."

"अध्यक्षांच्या पोरीला तू दोन दशांश दिले नाहीस. मला अडतीस सेकंद आणि वर सहा दशांश दिलेस. का? तिला खरं झेपेल असं वाटलं आणि मला झेपणार नाही?"

त्याने वहीचं रबर उचललं आणि बोटाला गुंडाळलं.

"दुकानात लोक पाटी पाठ करून येतात," ती म्हणाली. "निदान स्वतः पाठ करतात. मला तू पाठ करवून पाठवलंस, आणि मी त्या नंबरचा चष्मा लावून फिरतेय. नाव नोंदवलं मी त्याच्यावर."

"हॉस्पिटलात बदलता येईल. सदतिसावा आठवडा संपेपर्यंत बदलता येतं. मी विचारलंय."

"कधी विचारलंस?"

त्याने ५१.१ समोरच्या तारखेवर बोट ठेवलं. तेव्हा तिला कळलं, की फॉर्मवर सही केली त्याच दिवशी विचारलं होतं.

सोमवारी ती एकटीच सुईणबाईंकडे गेली. दोन दिवस तिने एकटीने सराव केला होता, घड्याळ समोर ठेवून. छप्पन्न, एकसष्ट. डोळे उघडे ठेवले की सेकंद जास्त लांब वाटत. तिने सगळं सांगितलं, आकड्यांसकट, अंड्यांसकट. अंड्यांना सुईणबाई हसल्या आणि लगेच थांबल्या.

"बर्फाने काही ठरत नाही," त्या म्हणाल्या. "नव्वद धरणाऱ्या बायका पहिल्या तासात सुई मागतात. वीस न धरणाऱ्या गाणी म्हणत बाळंत होतात. बर्फ मी देते तो नवरा-बायकोची सवय व्हावी म्हणून. कळा वाढल्या की बाईला घड्याळ दिसत नाही. शेजारचा म्हणतो, अर्धी गेली, आता उतरतेय. तिने ते मानायचं असतं. एवढ्यासाठीच असतो तो."

"मग तर माझं काहीच राहिलं नाही. त्याचं मानायचं तरी कसं?"

सुईणबाईंनी तिची समजूत घातली नाही. फॉर्म काढून पुढे ठेवला. "मोठ्या हॉस्पिटलात नाव घालू? शुक्रवारपर्यंत जागा मिळेल."

तिने फॉर्म जवळ ओढला. गुडघ्याच्या वेळचे ते नऊ तास कुणी तिला वाढवून किंवा कमी करून सांगितले नव्हते. सुई नको हे तिचं तिने ठरवलं होतं, बर्फाच्या आधी. तिने जागा तीच ठेवली. ‘सोबत कोण’ मधलं नाव मात्र एका रेघेने खोडलं.

"दुसरं कुणी?"

"कुणी नाही."

"रकाना रिकामा ठेवता येत नाही मला."

"मग माझंच लिहा."

घरी सासूबाई म्हणाल्या, "मी येते तुझ्याबरोबर आत. मी दोन बाळंतपणं काढलीत."

"आई, तुम्ही बाहेर बसा. दोघं बसा."

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर तिला सोपं गेलं असतं.

कळा एका मंगळवारी सकाळी सातच्या सुमाराला सुरू झाल्या. काट्याने गाडी चालवली. तिसऱ्या चौकात सिग्नलला तिने दाराची कडी गच्च धरली, आणि सोडल्यावर तो सवयीने म्हणाला, "साडेचार मिनिटांनी आली..."

"मी विचारलं?"

सिग्नल सुटेपर्यंत तो समोर बघत राहिला.

खोलीत एक पलंग, एक मोठा रबरी चेंडू, पाण्याचा टब आणि खिडकी होती. घड्याळ तिने काढायला लावलं. सुईणबाईंकडे त्या दिवशी शेजारच्या खोलीत आणखी एक बाई होती, त्यामुळे त्या ये-जा करत होत्या. दुपारपर्यंत तिचं बरं चाललं. चेंडूवर बसून ती श्वास मोजत होती. आठ, कधी दहा, कधी बारा. त्यांचे सेकंद किती ते तिला माहीत नव्हतं.

दुपारनंतर मोजणं बंद पडलं. कळ एका बाजूने चढायची आणि उतरायच्या आधी दुसरी चढायची. सुईणबाई शेजारच्या खोलीत गेल्या की ती पलंगाच्या कठड्याशी बोलायची. दाराबाहेर काटा खोकलेला तिला ऐकू आला. हाक मारली असती तर तो दोन पावलांवर होता. तो आला असता, तिचा हात धरला असता आणि म्हणाला असता, अर्धी गेली, आता उतरतेय. तिला कुणीतरी तेच सांगायला हवं होतं. आणि त्याने ते सांगितलेलं तिला कशालाच उपयोगी नव्हतं.

"बोलावू का त्यांना?" परत आलेल्या सुईणबाईंनी विचारलं.

"नको."

"नुसता हात धरायला?"

"नको म्हटलं ना!"

पुढच्या कळेनंतर ती म्हणाली, "मला सुई हवी. गाडी बोलवा."

"बोलावते. वीस मिनिटं लागतील. आधी तपासू?"

तिने मान हलवली. सुईणबाईंनी तपासलं आणि हातमोजा काढता काढता म्हणाल्या, "बाई, तू जवळजवळ पोचलीस. आता गाडीत बसवलं तर पोर गाडीत होईल."

"खोटं बोलताय."

"मी?"

"सगळे असंच म्हणतात. पोचलीस म्हणतात. झालंच म्हणतात. किती राहिलंय ते खरं सांगा, नाहीतर काही बोलू नका!" ती ओरडत होती. बाहेर पावलं दाराशी आली आणि थांबली.

सुईणबाई कळ सरेपर्यंत थांबल्या. मग त्यांनी तिचा उजवा हात मनगटाशी धरला आणि खाली नेला. "माझं मानू नकोस. बघ तूच."

बोटांना काहीतरी टणक लागलं. ओलं, सुरकुतलेलं, आणि तिचं स्वतःचं नसलेलं. तिने हात काढला नाही. पुढची कळ आली तेव्हा ते बोटांखाली सरकलं आणि कळ उतरल्यावर थोडं मागे गेलं. थोडंच. किती पुढे आलं आणि किती मागे गेलं, हे तिला आता कुणी सांगायची गरज नव्हती. त्यानंतर तिने गाडीचं नाव काढलं नाही. शेजारच्या खोलीतली बाई मध्येच ओरडली तेव्हा तिने, का कोण जाणे, तिला भिंतीअलीकडूनच "हो, हो" म्हणून उत्तर दिलं.

मुलगी झाली. थोडा उशीर करून रडली, आणि मग थांबेना.

सगळं आवरल्यावर सुईणबाईंनी दार उघडलं. आधी सासूबाई आल्या, बाळाकडे बघून तोंडाला पदर लावून उभ्या राहिल्या. त्यांच्या मागून काटा आला. स्टॉपवॉच त्याच्या गळ्यात नव्हतं. तो पलंगापासून दोन हात लांब थांबला.

"ये," ती म्हणाली. "धर हिला. मान सांभाळ."

रोज चाळीस मुलांना पाण्यावर तरंगत धरणाऱ्या माणसाने आधी हात शर्टाला पुसले. त्याने मुलीला घेतलं. तिचं रडणं कमी झालं. 

"किती वेळ लागला?" तिने विचारलं.

त्याने मान वर केली. आपल्याला विचारलंय का, हे आधी त्याने बघितलं.

"नऊ तास चौदा मिनिटं," तो म्हणाला. "घरी पहिली कळ आली तिथपासून."

तिने मान वळवली आणि पायाशी चादरी गोळा करणाऱ्या सुईणबाईंना विचारलं, "खरं का?"

सुईणबाईंचे हात थांबले. त्यांनी एकदा काट्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. मग चादरी खाली ठेवून त्या पलंगाच्या पायथ्याशी अडकवलेला कागद बघायला गेल्या. तो मुलीला धरून तसाच उभा होता. सुईणबाईंनी बोटाने एकेक ओळ वाचली आणि म्हणाल्या, "बरोबर आहे."

"ठीक," ती म्हणाली, आणि मुलीला परत घ्यायला तिने हात पुढे केले.